‘का’ विचारण्याची जागा : एका निवृत्त शिक्षिकेच्या संतापाचा प्रकरण अभ्यास

व्यक्ती आणि तिच्या वह्या

या प्रकरणातील व्यक्तीला आमच्या भागात लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणतात, कारण त्यांनी एका अनुदानित माध्यमिक शाळेत 31 वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले आणि गल्लीतील निम्म्या घरांतले कोणी ना कोणी त्यांच्या हाताखालून गेलेले आहे. 2021 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांची ओळख आणि शहराचे नाव त्यांच्या इच्छेनुसार येथे दिलेले नाही. 21 फेब्रुवारी 2017 रोजी राज्यातील ज्या 10 महानगरपालिकांसाठी मतदान झाले त्यांतलीच ही एक, एवढे सांगितले तरी पुरे. त्या दिवशी बाई मतदान अधिकारी म्हणून केंद्रावर बसल्या होत्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मतदारांच्या बोटांना शाई लावत होत्या. निवडणुकीचे काम टाळण्यासाठी वैद्यकीय दाखले मिळवणाऱ्या सहकाऱ्यांविषयी त्यांना कधीच आदर वाटला नाही. लोकसभा असो, विधानसभा असो की महापालिका, नेमणुकीचा आदेश हातात पडला की प्रशिक्षणापासून रात्री उशिरा साहित्य जमा करण्यापर्यंत त्या पूर्ण वेळ पाय रोवून उभ्या असत.

हीच व्यक्ती मे 2024 मध्ये लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडली नाही. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हाही नाही. पहिल्या वेळी त्यांनी वहीत लिहिले होते, ‘आज मत दिले नाही. वाईट वाटेल असे वाटले होते, ते वाटले नाही.’ मतदानाला न जाणारे लोक पुष्कळ असतात. 2017 मध्ये मुंबईत सुमारे 45 टक्के मतदार केंद्रापर्यंत गेले नव्हते. परंतु कंटाळ्यामुळे न जाणे वेगळे आणि आयुष्यभर जपलेला विश्वास आटल्यामुळे न जाणे वेगळे. हा विश्वास नेमका कशामुळे आटला, हे या प्रकरणात दिवस-तारखांसह पाहता येते, आणि त्यासाठीच मी ते लिहून काढत आहे.

दर शनिवारी एका सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून मी लोकांना सरकारी कार्यालयांसाठीचे अर्ज लिहून देतो. ऑगस्ट 2024 मध्ये बाई तेथे आल्या त्या 3 वह्या घेऊनच. निवृत्तीनंतर सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की, ज्या बातमीने मन ढवळले तिच्याबद्दल दोन-चार ओळी लिहायच्या, असा त्यांचा नेम होता. त्या वह्या त्यांनी मला वाचायला दिल्या, आणि येथे ज्या ओळी उद्धृत केल्या आहेत त्या त्यांच्या परवानगीने.

वह्यांमधला बदल

पहिल्या वहीत, म्हणजे 2021 आणि 2022 च्या पूर्वार्धात, नोंदी रागाच्या असल्या तरी नेमक्या आहेत. कोणत्या खात्याने कोणता निर्णय घेतला, तो का पटत नाही, त्याऐवजी काय करता आले असते, असे त्यांत असते. शिक्षिकेने निबंध तपासावा तशी बाईंनी बातमी तपासली आहे. जून 2022 मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि 30 जूनला नवे मुख्यमंत्री शपथ घेते झाले, तेव्हाची नोंद दीड पानाची आहे. तीत 1985 चा पक्षांतरबंदी कायदा, 2003 च्या दुरुस्तीने एकतृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेले संरक्षण कसे काढून टाकले गेले, आता विलीनीकरणाखेरीज वाट उरते का, असा सगळा ऊहापोह आहे. हा धडा त्यांनी वर्षानुवर्षे शिकवला होता.

बरोबर एका वर्षाने, 2 जुलै 2023 रोजी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये तसेच घडले. त्या दिवशीची नोंद केवळ एका ओळीची आहे : ‘माझे मत कोणाच्या खिशात आहे?’ दोन दिवसांनी भाजीच्या गाडीपाशी एका माजी विद्यार्थ्याने त्यांना हाक मारून विचारले होते, ‘बाई, पक्षांतरबंदीचा कायदा तुम्हीच शिकवला होता ना आम्हाला?’ त्या मुलाच्या मनात टोमणा नव्हता, त्याला खरोखरच उत्तर हवे होते, असे बाई आजही सांगतात. त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी भाजी न घेताच त्या घरी आल्या.

त्यानंतरच्या नोंदी आखूड होत जातात. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीतील लाठीमारानंतर आरक्षणाचा प्रश्न राज्यभर पेटला आणि गावोगाव जाती एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा बाईंनी लिहिले, ‘एका बाकावर बसवलेली मुले आज एकमेकांना ओळख देत नाहीत.’ या ओळीत दुःख आहे. पण वर्षअखेरीस वहीत वरचेवर एकच वाक्य येऊ लागते : ‘सगळे सारखेच.’ कोणत्याही पक्षाची, कोणत्याही खात्याची, कोणत्याही प्रश्नाची बातमी असो, खाली तेच दोन शब्द. ज्या व्यक्तीने उत्तरपत्रिकेत ‘वगैरे’ लिहिलेले कधी खपवून घेतले नाही, तिने सगळ्या राज्यकर्त्यांना एका ‘वगैरे’त ढकलावे, ही मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

बाईंचे स्वतःचे म्हणणे असे होते की, पक्षफुटींनी त्यांचा विश्वास घालवला. मीही प्रथम तसेच मानले. वह्या पुन्हा तारखांनुसार वाचल्यावर मात्र मला दुसरेच काही दिसले. ‘सगळे सारखेच’ हे शब्द पहिल्यांदा येतात ते 2 जुलैच्या नोंदीत नव्हे, तर 19 ऑगस्ट 2023 च्या नोंदीत, आणि त्या दिवशीची बातमी मुंबईची किंवा दिल्लीची नव्हती. ती त्यांच्या दारासमोरच्या चेंबरची होती.

दारासमोरचे चेंबर

एप्रिल 2023 मध्ये गल्लीतील जुनी ड्रेनेज लाईन बदलण्याचे काम निघाले. रस्ता खोदला, पाइप टाकले, माती लोटली आणि वर खडी पसरून ठेकेदाराची माणसे निघून गेली. चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीपेक्षा जवळपास वीतभर वर राहिली. पावसाळा सुरू झाला तशी भोवतालची खडी वाहून गेली आणि झाकणांभोवती खड्डे झाले. जुलैमध्ये शेजारच्या आजी दूध आणायला निघाल्या असता अशाच एका झाकणाला ठेचकाळून पडल्या आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. भरीस भर म्हणजे जोराचा पाऊस झाला की लाईन तुंबून मैलापाणी खालच्या बाजूच्या 4 घरांच्या न्हाणीघरांतून वर येऊ लागले.

पूर्वी अशा वेळी बाईंनी काय केले असते, हे सांगायला हवे. त्यांनी नगरसेवकाला फोन केला असता. तो नगरसेवक फार कर्तबगार होता असे नाही. बाईंचे त्याच्याशी दोनदा कडाक्याचे भांडण झाले होते आणि 2017 मध्ये त्यांनी त्याला मतही दिले नव्हते. पण तो येत असे. गल्लीत उभा राहून बायकांचे बोलणे ऐकून घेई, कनिष्ठ अभियंत्याला फोन लावी, आणि काम झाले नाही तर पुढच्या वेळी मान खाली घालून का होईना, पुन्हा येई. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तो माजी झाला. ‘बाई, आता माझं तिथं कोणी ऐकत नाही,’ असे त्याने सांगितले, आणि ते खरेच होते.

मग बाई क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. ज्या कनिष्ठ अभियंत्याच्या देखरेखीखाली काम झाले त्याची बदली झाली होती आणि नव्या अभियंत्याकडे आणखी एका प्रभागाचा कार्यभार होता. त्याने मोबाइलवरील ॲपवर तक्रार नोंदवायला सांगितले. बाईंनी पुतण्याकडून शिकून छायाचित्रांसह तक्रार नोंदवली. पाच दिवसांनी, 19 ऑगस्टला, त्यांना संदेश आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्या चष्मा लावून दारात गेल्या. झाकण होते तसेच होते, खड्डाही होता तसाच होता. त्यांनी पुन्हा तक्रार केली, ती पुन्हा निकाली निघाली. तिसऱ्या वेळी मूळ तक्रारीचा निपटारा झालेला असल्याने नवी तक्रार दाखल करता येणार नाही, असे उत्तर आले.

कामे रखडण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे, आणि नुसते काम रखडले असते तर बाई इतक्या तुटल्या नसत्या. डोळ्यांसमोर खड्डा असताना तो बुजवल्याचे कागदावर लिहिले जाणे, आणि ‘हे खोटे आहे’ असे ज्याला तोंडावर सांगता येईल असा एकही माणूस समोर नसणे, हे मात्र असह्य असते. अभियंता म्हणे, ॲप माझ्याकडे नाही. ॲप सांभाळणारे म्हणत, काम स्थापत्य विभागाचे. आमदारांच्या कार्यालयातील मुलाने आदराने निवेदन घेतले आणि पोच दिली, पुढे काहीच कळवले नाही. 19 ऑगस्टच्या रात्री बाईंनी ‘सगळे सारखेच’ असे लिहिले, तेव्हा ‘सगळे’ या शब्दात मुख्यमंत्र्यांपासून ॲपपर्यंत सर्व आले होते.

सभागृह नसलेली वर्षे

या शहरात नगरसेवक का नव्हते, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि शहरांच्या स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान मिळाले. अनुच्छेद 243-यू नुसार महापालिकेची मुदत 5 वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. बाई हे फळ्यावर लिहून शिकवत असत. महाराष्ट्रात प्रत्यक्षात जे घडले त्याची सुरुवात एका खऱ्या आणि महत्त्वाच्या प्रश्नापासून झाली. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी समर्पित आयोग, प्रत्यक्ष माहिती आणि 50 टक्क्यांची एकूण मर्यादा या तीन अटी पूर्ण व्हायला हव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 च्या निकालात सांगितले. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आल्यावर जुलै 2022 मध्ये न्यायालयाने त्यानुसार निवडणुका घेण्यास परवानगीही दिली. मात्र लगेच ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रभागांची संख्या पुन्हा बदलली, त्यावर याचिका झाल्या, ‘जैसे थे’ आदेश निघाला आणि प्रकरण पुढच्या-पुढच्या तारखांवर जात राहिले. 6 मे 2025 रोजी न्यायालयाने निवडणुका 4 महिन्यांत घ्या असे सांगितले आणि नंतर ती मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून दिली.

आरक्षणाचा प्रश्न उपस्थित करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. प्रतिनिधित्वाचा हक्क सोडून घाईघाईने निवडणुका उरकाव्यात असे कोणीही म्हणू नये. माझा आक्षेप दुसरा आहे. या सर्व काळात कोणत्याही मोठ्या पक्षाला ही रिकामी सभागृहे फारशी सलली नाहीत. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली येथे तर मुदत 2020 मध्येच संपली होती. राज्यातील मोठमोठ्या शहरांचे अंदाजपत्रक वर्षानुवर्षे लोकनियुक्त प्रतिनिधींच्या चर्चेविना मंजूर झाले.

मुदत संपल्यावर आयुक्त हेच ‘आयुक्त तथा प्रशासक’ होतात. सर्वसाधारण सभेचे आणि 16 सदस्यांच्या स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे येतात. याचा साधा अर्थ असा की, आयुक्त म्हणून जो प्रस्ताव ठेवायचा तो प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. ते अधिकारी व्यक्तिशः कितीही प्रामाणिक आणि कार्यक्षम असोत, ‘हा खर्च का?’ असे विचारणारा समोरच्या बाकावरचा माणूस तेथे नसतो. सभागृहात आरडाओरडा होतो, कागद फाडले जातात, वेळ वाया जातो, हे सगळे मान्य आहे. तरीही ‘आमच्या गल्लीतली झाकणे वर का राहिली?’ हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवला जाण्याची जागा तीच आहे.

चार पानांचे दीडशे शब्द

ऑगस्ट 2024 मध्ये बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यासोबत 4 पानी अर्जाचा मसुदा होता. अक्षर सुंदर होते आणि मजकूर जळजळीत. ‘आपणांस लाज कशी वाटत नाही’ येथून सुरुवात होऊन घटनाकारांच्या स्वप्नापर्यंत तो जात होता. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा असे त्यांनी ठरवले होते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो, हे मी सांगितले तेव्हा त्या चिडल्या. ‘माझा राग यांनी शब्द मोजून घ्यायचा का?’ असे त्यांनी मला विचारले, आणि त्यांचे चिडणे मला चुकीचे वाटले नाही.

आम्ही 3 शनिवार त्या मसुद्यावर बसलो. खरी अडचण शब्दसंख्येची नव्हतीच. मसुद्यात एकूण 17 प्रश्न होते आणि त्यांतले 14 ‘का’ विचारणारे होते. काम अर्धवट का सोडले? तक्रार खोटी निकाली का काढली? आमच्याकडे कोणी का बघत नाही? 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातून अभिलेखात जे आहे तेच मिळते. अधिकाऱ्याने कारणे शोधून द्यावीत, मत द्यावे किंवा खुलासा करावा, असे बंधन त्याच्यावर नाही. म्हणून प्रत्येक ‘का’चे रूपांतर ‘कोणी’, ‘केव्हा’, ‘किती’ आणि ‘कोणत्या कागदावर’ यांत करावे लागले. ‘काम अर्धवट का सोडले?’ याऐवजी आम्ही कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीतील) संबंधित नोंदी, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधीची, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून देण्याच्या मुदतीची, अट असलेले करारनाम्याचे पान मागितले. ‘तक्रार खोटी का निकाली काढली?’ याऐवजी ती ज्या दिवशी बंद झाली त्या दिवशीचा स्थळपाहणी अहवाल मागितला.

हे रूपांतर करताना बाईंची वृत्ती माझ्यासमोर बदलत गेली. पहिल्या शनिवारी प्रत्येक वाक्य खोडताना त्या दुखावल्यासारख्या दिसत. तिसऱ्या शनिवारी त्या स्वतःच म्हणाल्या, ‘विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगायचो, प्रश्न नीट वाचा म्हणून. मला तर प्रश्न नीट लिहिताच येत नव्हता.’ मला मात्र हे अर्धेच खरे वाटले. त्यांचे ‘का’ चुकीचे नव्हते. त्यांची जागा या अर्जात नव्हती, सभागृहात होती, आणि सभागृह नव्हते.

सप्टेंबर 2024 मध्ये 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. 30 दिवसांत उत्तर आले नाही. नोव्हेंबरमध्ये पहिले अपील केले, डिसेंबरमध्ये सुनावणी झाली आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांनी अभिलेख पाहण्यास परवानगी दिली. जानेवारी 2025 मध्ये मी बाईंसोबत गेलो. मोजमाप पुस्तिकेत खोदाईनंतर रस्ता पूर्ववत करण्याचे काम मीटरच्या हिशेबाने नोंदलेले होते आणि त्याचे पैसे दिले गेले होते. स्थळपाहणी अहवाल अभिलेखात नव्हताच. दोषदायित्व कालावधी 3 वर्षांचा होता, म्हणजे ठेकेदाराने ते काम स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत अजून शिल्लक होती.

त्या पुस्तिकेतील नोंद बाईंनी बोट ठेवून दोनदा वाचली. नंतर त्या मला म्हणाल्या की, वर्षभरात पहिल्यांदा त्यांना राग आला आणि तरीही हात थरथरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या अटीचा उल्लेख करून अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि दर सोमवारी त्या क्रमांकाची चौकशी करायला जाऊ लागल्या. मार्चमध्ये ठेकेदाराची माणसे येऊन झाकणे समपातळीत बसवून गेली. मैलापाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तेथे बहुधा पाइपच अपुऱ्या व्यासाचा टाकला गेला असावा, असे एका निवृत्त अभियंत्याचे मत पडले; आराखड्याची धारिका मागितली असता ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर मिळाले. त्यावर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील केलेले आहे.

चुकलेला नेम

रागाला योग्य पत्ता मिळाला नाही की तो कोठे जाऊन पडतो, याचे एक उदाहरण याच प्रकरणात आहे, आणि ते बाईंनी आवर्जून लिहायला सांगितले. जुलै 2024 पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलांना दरमहा 1,500 रुपये मिळू लागले. बाईंनी वहीत लिहिले, ‘झाकणाला पैसे नाहीत, वाटायला आहेत. लोक विकले गेले.’ त्यांच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या स्त्रीसमोरही त्या एकदा असेच बोलून गेल्या. तिने हातातले भांडे खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाली, ‘बाई, माझ्या नावावर आलेले हे पहिले पैसे आहेत. नवऱ्याला विचारावं न लागता मी मुलीचा दवाखाना केला.’

एवढ्या मोठ्या खर्चाचा राज्याच्या तिजोरीवर काय ताण येतो, निवडणुकीच्या तोंडावर अशी योजना आणण्यात कोणता हिशेब होता, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण ते अर्थमंत्र्यांना विचारायचे असतात. बाईंनी ते चार घरची भांडी घासणाऱ्या स्त्रीला विचारले, कारण समोर तीच होती. त्यांच्या झाकणाचे पैसे तिने खाल्ले नव्हते. ज्यांनी खाल्ले असतील ते दिसत नव्हते. बाईंनी ती नोंद खोडली आहे, परंतु वाचता येईल अशा बेताने, एकच रेघ मारून.

मी अर्ज लिहायला बसतो तेथे हे वारंवार पाहतो. ज्याला अभियंता भेटत नाही तो रस्त्यावरच्या फेरीवाल्यावर ओरडतो, ज्याच्या मुलाला नोकरी लागत नाही तो शेजाऱ्याच्या जातीवर ओरडतो. या ओरडण्याचा राजकीय उपयोग करून घेणारे पुष्कळ आहेत, आणि पत्ता नसलेला संताप त्यांना फार सोयीचा पडतो.

2025 नंतर

पुढच्या वर्षी बाईंच्या वहीत पुन्हा लांब नोंदी दिसू लागतात. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, तेव्हा त्यांनी 5 पाने लिहिली. सहा वर्षांच्या मुलाला मातृभाषेतील वाचन पक्के होण्याआधी तिसऱ्या भाषेचे ओझे कसे पेलवेल, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यांनी तो शिक्षण विभागाला पत्राने कळवला. जूनमधला सुधारित निर्णयही त्यांना पटला नाही. 29 जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली. ती बाईंच्या पत्रामुळे झाली नाही, रस्त्यावर उतरू पाहणाऱ्या पक्षांच्या आणि संघटनांच्या दबावामुळे झाली, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. तरी त्या दिवशीची नोंद अशी आहे : ‘निर्णयाला तारीख होती, खाली सही होती, म्हणून तो परत घ्यायला लावता आला.’

ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याचे कात्रण घेऊन बाई शेजारच्या आजींकडे गेल्या. आजींच्या मुलाने ‘आता कशाला ते उकरून काढायचं’ असे म्हणून नकार दिला. बाईंनी आग्रह केला नाही. कात्रण वहीत डकवलेले आहे.

15 जानेवारी 2026 रोजी 29 महानगरपालिकांसाठी मतदान ठरले. बाईंनी मत द्यावे की नाही, याबद्दल मी त्यांना काहीही म्हणालो नव्हतो, आणि म्हणणार नव्हतो. प्रचार सुरू झाल्यावर दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्या एक कागद देत. त्यावर दोनच प्रश्न होते. आमच्या गल्लीतील ड्रेनेज लाईनचा आराखडा सभागृहात मागणार का? आणि कायद्यात 2009 पासून असलेली क्षेत्रसभा आमच्या भागात भरवणार का? क्षेत्रसभा म्हणजे गावातील ग्रामसभेसारखी, शहरातील मतदारांची त्यांच्या नगरसेवकासह होणारी सभा. बहुतेक उमेदवारांनी तिचे नावही ऐकलेले नव्हते. एकाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि रात्री फोन करून ही सभा कशी भरवतात ते विचारले. तो फोन पाऊण तास चालला.

बाईंनी मतदान केले. प्रभाग 4 सदस्यांचा असल्यामुळे 4 मते द्यायची होती. 3 त्यांनी उमेदवारांना दिली आणि चौथ्या जागेसाठी ‘वरीलपैकी एकही नाही’चे बटण दाबले, कारण त्या जागेवरील एकाही उमेदवाराने कागदाला उत्तर दिले नव्हते. रात्री फोन करणारा उमेदवार थोड्या मतांनी पडला.

निकालानंतर त्या पुन्हा वाचनालयात आल्या, कारण नवीनच अडचण उभी राहिली होती. निवडून आलेल्या चौघांपैकी पहिल्याने त्यांना दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने ही गल्ली तिसऱ्याकडे येते असे सांगितले, आणि तिसरीच्या घरी तिच्या पतीने तक्रार लिहून घेतली. बाईंनी त्याला शांतपणे सांगितले की, मला निवडून आलेल्या ताईंशीच बोलायचे आहे आणि मी थांबते. त्या एक तास थांबल्या. मग नगरसेविका बाहेर आल्या, आणि त्या बाईंच्या दहावीच्या वर्गातल्या निघाल्या.

आम्ही त्या शनिवारी चौघांच्याही नावे एकच पत्र तयार केले. बाईंच्या सांगण्यावरून त्यात माहिती मागवलेली नाही. पहिले वाक्य ‘का’नेच सुरू होते आणि हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात घ्यावे, अशी विनंती आहे. चारही प्रतींवर पोच घेतलेली आहे. दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीची नोटीस अजून आलेली नाही.